पाच जणं, एक नारळ आणि भाड्याचं घर

नांदेड,
२ एप्रिल २०२५

ती. अप्पा आणि काकू यांना शरणार्थ.

पत्र बघून घाबरू नका. मी ठणठणीत आहे. फोनवरच बोललो असतो, पण तुमचा फोन दुकानात कायम स्पीकरवर असतो. मागं मी लग्नाच्या बस्त्याचं बोलत होतो, तर मधेच कुणीतरी गिऱ्हाईक म्हणालं, "पैठणी नको म्हणावं, शालू घ्या." तेव्हाच ठरवलं, महत्त्वाचं असेल ते कागदावर लिहायचं.

तर महत्त्वाचं हे. माझी बीडला बदली झाली. जूनमध्ये हजर व्हायचं आहे. त्याआधी २२ मेला लग्न. कावेरीची शाळाही बीडलाच, सध्या ती शिरूरहून रोज एसटीनं जाते-येते. म्हणून लग्नाआधी बीडला भाड्यानं जागा बघून ठेवायला पाहिजे. दोन जागा कळल्या आहेत. एक फ्लॅट, बार्शी रोडला, तिसऱ्या मजल्यावर. एक बेडरूम, हॉल, किचन. दुसरं पेठ बीडातलं सोमेश्वरअप्पांचं घर. पाच खोल्या, अंगण, पाण्याचा हौद. मालक शेजारच्याच घरात राहतात, आपल्यातलेच आहेत.

माझा कल फ्लॅटकडे आहे. कावेरीचंही तेच मत आहे. दोघांना पुष्कळ झालं. मला रजा मिळत नाही, म्हणून तुम्ही एखाद्या रविवारी जाऊन दोन्ही जागा बघून या. एकटे जा. पुन्हा लिहितो, एकटे जा.

तुमचा
रुद्रेश

*

तलवाडा,
१४ एप्रिल २०२५

चि. रुद्रेश,

औक्षवंत हो आणि जमलं तर शहाणा पण हो.

तुझं पत्र पोचलं. 'एकटे जा' असं तू दोनदा लिवलंस. घर बघायला एकटा माणूस कधी जातो का बे? एकटा चोर जातो. आमी पाच जणं गेलतो. मी, तुझी काकू, जीप तानाजीची म्हणून तानाजी, दिशा बघायला बसलिंग स्वामी, आणि बायनाबाई. तिला बीडला दात बसवायचे होते आणि जीपमधी एक जागा रिकामी होती. रिकामी जागा कावून न्यायची?

आधी तुझा फ्लॅट बघितला. आरं त्याला घर म्हणतेत का? आमी पाच जणं आत शिरलो तर दार लागंना. स्वामींनी बाथरूममधी उभं राहून दिशा बघितल्या, कारण बाकी सगळीकडं आमी उभे होतो. बायनाबाई तीन जिने चढली आणि तिथंच बसली. म्हणली, आता मला हितंच जेवायला आणून द्या, मी काय खाली येत न्हाई. तानाजीनं तिला पाठुंगळी घेऊन उतरवलं.

मग सोमेश्वरअप्पाकडं. काय सांगू तुला! दारात रांगोळी. आमी जीपमधून उतरायच्या आत मालक हात जोडून पुढं, "या या, सकाळधरनं वाट बघतोय." मी मनात म्हणलं, भाडेकरूची एवढी वाट बघतेत म्हणजे घर लई दिवस रिकामं पडलेलं दिसतंय. भाडं कमी करून घ्यायला वाव हाय. आत गादी टाकलेली, लोड लावलेले. शिरा काय, पोहे काय, केळी काय. तू कळवलंच असशील म्हणा, पण एवढा मान मी आजवर कुठल्या घरमालकाकडं बघितला न्हाई.

चहा होईस्तोवर कामाचं बोलायचं न्हाई ही आपली रीत. त्यांनी बी काढलं न्हाई, मी बी काढलं न्हाई. पण माणूस चौकस हाय. मुलगा काय करतो, पगार येळेवर होतो का, पितो का, सगळं विचारलं. चांगल्या मालकानं विचारावंच. मी म्हणलं, आमचं पोरगं सुपारीला बी शिवत न्हाई. स्वभाव? म्हणलं गरीब हाय, भिंतीला खिळा ठोकायचा तरी तुमाला विचारून ठोकील. ह्यावर ते जरा थबकले, पण मग लई हासले. मी दोनदा विचारलं, पाणी किती येळ असतं. दोन्ही बारीला त्यांनी नीट सांगितलं.

मग त्यांची पोरगी प्रणिता चहा घेऊन आली. शेजारचं भाड्याचं घर बी ह्याच बांधणीचं, म्हणून मी तवा उठून हितलीच भिंत ठोकून बघत होतो, पोकळ वाजती का म्हणून. पोरगी वाकून पाया पडली. आता पाया पडलेल्या लेकराला रिकाम्या हातानं सोडायचं का? उंबऱ्यावर वाढवायला नारळ नेलताच, तो तुझ्या काकूनं पिशवीतल्या खणासकट तिच्या ओटीत घातला. कुंकू लावलं. मी हातावर एक नोट ठिवली. सोमेश्वरअप्पाच्या डोळ्यात टचकन पाणी आलं. पाच खोल्या भाड्यानं देताना रडणारा मालक मी पहिल्यांदाच बघितला.

भाड्याचं विचारायला मी तोंड उघडतोय तर तेच म्हणले, "देण्याघेण्याचं तुमी म्हणाल तसं, आमचं काईच म्हणणं न्हाई." बोल आता! निघताना दारात आणखी एक जीप आली, सात-आठ जणं उतरली, सगळे कडक इस्त्रीत. पोरीच्या ओटीतला नारळ बघितला आणि त्यांची तोंडं उतरली. मी तानाजीला हळूच म्हणलं, बघ, दुसरं गिऱ्हाईक बी आलतं, आपुन आधी पोचलो म्हणून जमलं.

तर मोठं घर पक्कं समज. बायनाबाईचे दात राहिले, ते पुढच्या खेपेला.

तुझा
अप्पा

*

पेठ बीड,
१६ एप्रिल २०२५

श्री. सिद्धेश्वरअप्पा यांसी सप्रेम शरणार्थ.

दूरध्वनी दोनदा केला. एकदा पलीकडून साखरेचा भाव ऐकू आला आणि एकदा कुणी तरी "अप्पा लघवीला गेलेत" असे सांगून फोन ठेवला. म्हणून पत्र.

आपण सर्वांनी पायधूळ झाडलीत, आमचे भाग्य. मध्यस्थांनी स्थळ आष्टीकडचे सांगितले होते, आपण तलवाड्याचे निघालात, पण चांगल्या माणसाला गाव कोणतेही चालते. विशेष म्हणजे आपण मुलीकडे टक लावून पाहिले नाही. आमच्या सौ. म्हणाल्या, "केवढा मर्यादशील माणूस, मुलगी समोर आली तर भिंतीकडे तोंड करून उभा राहिला." असे सोयरे मिळायला पुण्याई लागते.

मागाहून आष्टीहून आणखी काही मंडळी आली होती. तेही मुलगी बघायलाच आलो म्हणत होते. त्यांना पसंती झाल्याचे सांगितले, ते रागावून गेले. असो.

आता मुलाला घेऊन यावे, म्हणजे मुले एकमेकांना पाहतील आणि पुढची बोलणी करू. आमची बाजू पक्की आहे.

आपला होऊ घातलेला व्याही
सोमेश्वर

*

नांदेड,
१९ एप्रिल २०२५

अप्पा,

शरणार्थ वगैरे नंतर. काय करून बसलात हे?

ती मंडळी भाडेकरूंची वाट बघत नव्हती! मुलगी बघायला येणाऱ्यांची वाट बघत होती. तुम्ही पाच जणं, टोप्या, स्वामी, नारळ, रविवार! त्यात मुलीची ओटी भरून आलात. मला सांगा, पसंती आणखी कशाला म्हणतात?

आणि ती इस्त्रीवाली आष्टीची मंडळी दुसरं गिऱ्हाईक नव्हती, तेच खरे पाहुणे होते. त्यांच्यातल्या एका बाईची बहीण शिरूरला कावेरीच्या गल्लीत राहते. काल सकाळी मला कावेरीच्या वडिलांचा फोन. म्हणाले, "आमची मुलगी ठरलेली असताना तुमच्या चुलत्यानं बीडात दुसरीची ओटी भरली. एका मुलाला दोन सासुरवाड्या पाहिजेत का?" मी समजावतोय तोवर त्यांनी फोन ठेवला. अंगठी परत पाठवायची भाषा चालली आहे. कावेरी माझा फोन उचलते, पण नुसती हसते आणि ठेवते. हे हसणं चांगलं की वाईट, मला समजत नाही.

हे सगळं कशापायी? त्या मोठ्या घराच्या हौसेपायी! मी पहिल्याच पत्रात फ्लॅट म्हणालो होतो. राहणार आम्ही दोघं. मग पाच खोल्या कुणाला पाहिजेत, अप्पा? मला खरंच सांगा.

रुद्रेश

*

तलवाडा,
२४ एप्रिल २०२५

चि. रुद्रेश,

चष्मा सापडंना म्हणून सोमेश्वरअप्पाचं पत्र मी तानाजीला दुकानात वाचायला लावलं. आता गावात कुणाला काईच सांगायचं राहिलं न्हाई. जो येतो तो पेढे मागतो. दोन ठिकाणी सोयरीक जमवणारा पोरगा म्हणून तुझी किंमत लई वाढली. काकू दोन दिवस माझ्याशी बोलंना. मी म्हणलं, ओटी तू भरलीस. तर म्हणली, नारळ तुमी आणलता. स्वामींनी सरळ हात वर केले. म्हणले, मी दिशा बघत होतो, मला पोरगी दिसलीच न्हाई.

काल शिरूरला गेलतो, व्याह्यांच्या पाया पडून येतो म्हणून. स्टँडवर उतरलो, चहा पिलो, आणखी एक पिलो, आणि त्याच गाडीनं माघारी आलो. पाऊल उचलंना. दुकानात गिऱ्हाइकाला वाट्टेल ते सांगणारा माणूस मी, पण तिथं काय बोलायचं ते सुचंना. तुझं लगीन माझ्यापायी मोडलं तर मी तोंड कुठं दाखवू?

आता तू विचारलंस, पाच खोल्या कुणाला. विचारलंस ते बरं केलंस. सांगतो.

माझा भाऊ गेला तवा तू दुसरीत होतास. वहिनी त्याच्या आधीच गेलती. दुकानामागं आपल्या दोनच खोल्या, एकीत तर गुळाच्या भेल्या. तरी तुला कवा म्हणलं का, की जागा न्हाई? म्हणून तुझं पत्र आलं तवा मला वाटलं, आता पोराचं घर व्हनार, आपुन बी जाऊ, चार दिवस टेकू. पण त्या फ्लॅटात दार लागंना तवा ध्यानात आलं, हितं आपलं काम न्हाई. पेठेतलं घर बघितलं आणि खुळ्यावानी खूष झालो. पाच खोल्यांत एक कोपरा आपल्याला बी निघंल, असं वाटलं. एवढंच होतं बघ. वाईट वाटलं मला तुझ्या इचारण्याचं, खोटं कशाला बोलू?

असू दे. घे तुझा फ्लॅट. सोमेश्वरअप्पाला काय लिवायचं तेवढं कळव. 'आमाला पोरगी नको, घर पाहिजे' असं लिवून बघितलं, पण ते लई वाईट दिसतंय.

अप्पा

*

शिरूर कासार,
५ मे २०२५

ती. अप्पांना शरणार्थ.

मी कावेरी. लग्नाआधी सुनेनं चुलत सासऱ्याला पत्र लिहू नये म्हणतात. पण लग्नाआधी चुलत सासऱ्यानं दुसऱ्या मुलीची ओटीही भरू नये. तेव्हा आपली फिटंफाट.

आधी पाणी प्या आणि बसा. लग्न मोडलेलं नाही.

आष्टीवाल्यांची बातमी आली तेव्हा आमच्या बाबांनी ताटावरून उठून अंगणात फेऱ्या मारल्या. आई रडली. मला मात्र हसू आवरेना, कारण रुद्रेशनं तुमचं चौदा तारखेचं पत्र मला मोबाईलवर पाठवलं होतं आणि मी ते बाबांच्या आधी वाचलं होतं. बाबांना दाखवलं तर म्हणाले, हे मागाहून रचून लिहिलंय. मग मी शाळा सुटल्यावर सरळ पेठेत गेले. दार प्रणितानं उघडलं. मी म्हणाले, "ज्या मुलासाठी तुमची ओटी भरली, त्याची ठरलेली बायको मीच." ती बिचारी आधी घाबरली. मग मी सगळं सांगितलं, तर हसून हसून उंबऱ्यातच बसली. म्हणाली, "बरं झालं बाई. त्या आष्टीवाल्यांना मुलीची नोकरी चालत नव्हती. तुमचे अप्पा आले नसते तर मी अडकलेच होते."

रविवारी बाबांना तिथं घेऊन गेले. सोमेश्वरअप्पा लाजेनं लाल झाले होते. बाबा रागानं लाल. दोघं समोरासमोर बसून चहा होईपर्यंत एकमेकांशी हवापाण्याचंच बोलले. मग बाबांनी विचारलं, "खरं सांगा, त्यांनी मुलीबद्दल काय काय विचारलं?" सोमेश्वरअप्पांनी खूप वेळ आठवून बघितलं आणि म्हणाले, "अहो, काहीच नाही. नाव नाही, शिक्षण नाही. पाणी किती वेळ असतं एवढंच विचारलं. दोनदा." त्यावर बाबा जे हसले ते थांबेनात. मुलगी बघायला आलेला माणूस मुलीकडे पाठ करून भिंती ठोकत नाही, एवढं त्यांनाही पटलं. येताना कळलं की बाबांची आत्या आणि सोमेश्वरअप्पांची मामी एकाच घरात दिलेल्या. मग काय, जेवूनच निघालो.

आता घराचं. अप्पा, फ्लॅट मला पाहिजे असं मी कधीच म्हणाले नाही. रुद्रेशनं तुम्हाला सांगितलं, कावेरीला छोटं घर हवंय. मला सांगितलं, अप्पांचं म्हणणं छोटं घ्या. काल त्याला फोनवर उभा-आडवा घेतला, तेव्हा खरं बाहेर आलं. साहेबांना पाच खोल्या झाडायचा कंटाळा! आणि वर भीती, की मोठं घर घेतलं तर अर्धा गेवराई तालुका मुक्कामाला येईल.

मी दोन्ही जागा बघितल्या. एकटीच गेले होते, चोरासारखी. फ्लॅटच्या स्वयंपाकघरात एकच माणूस उभं राहू शकतं. ते एक माणूस कोण असणार, हे मला तिथं उभं राहिल्या राहिल्या समजलं. पेठेतल्या स्वयंपाकघरात दोघं आरामात मावतात. रुद्रेश मला म्हणाला होता की त्याला भाकरी थापता येते. त्याला थापायला जागा पाहिजे का नको? म्हणून मी मोठं घर घेते आहे. तुमच्यासाठी नाही, गैरसमज नको. माझ्यासाठी घेते आहे.

पण तुमचं चोवीस तारखेचं पत्रही त्यानं मला पाठवलं. खाली काही लिहिलं नव्हतं, नुसतं रडणारं तोंड. माझंही तेच झालं. त्यातल्या गुळाच्या भेल्या वाचून मी वर्गात मुलांसमोर डोळे पुसले. मुलं म्हणाली, बाईंना खडूची धूळ गेली.

तर अंगणाकडची खोली तुमची आणि काकूंची. तिथं सकाळचं ऊन येतं. दाराला आतून कडी आहे. रुसावंसं वाटलं तर खुशाल दार लावून घ्या, कुणी बोलावणार नाही. घरच्या माणसाला रुसायलासुद्धा जागा लागते.

तुमची
कावेरी

*

तलवाडा,
९ मे २०२५

चि. कावेरी,

अखंड हासत राहा. आणि रुद्रेशला हासू देऊ नको, चार दिवस तरी.

तुझं पत्र मी मुद्दाम दुकानात वाचलं न्हाई. मागच्या खोलीत नेऊन वाचलं. काकूला वाचून दाखवलं, मग तिनं मला वाचून दाखवलं. बाहेर गिऱ्हाईक ओरडत होतं, अप्पा तेल द्या, अप्पा तेल द्या. म्हणलं, घे तुझ्या हातानं आणि पैसे गल्ल्यात टाक. जलमात पहिल्यांदा असं बोललो. ते घाबरून न घेताच गेलं.

पोरी, खरं सांगू का? मला तुमच्याकडं येऊन राहायचं कुठं होतं? दुकान कुणाच्या जिवावर सोडू? मी हितं नसलो की तानाजी उधारीवर सगळं वाटून मोकळा व्हईल. काकूला बी बीडचं पाणी सोसत न्हाई. आमाला कुणीतरी 'या' म्हणावं, एवढीच भूक होती. तू म्हणलीस. पोट भरलं.

मग आता सांगतो ते ऐक. तुमी आपला तो फ्लॅटच घ्या. कमी झाडायला, कमी भाडं. सुखानं राहा. मी कवातरी सकाळच्या गाडीनं येईन, वाटलं तर दार उघडं ठिवून बसू, आणि सांजच्या गाडीनं माघारी. मोठ्या घराचा नाद मी सोडला. व्याह्यांना माझा साष्टांग सांग. पुढच्या येळी शिरूरला उतरलो तर घरापर्यंत येतो.

तुझा
अप्पा

*

शिरूर कासार,
१२ मे २०२५

अप्पा,

उशीर झाला. सोमेश्वरअप्पांना अनामत देऊन झाली आणि किल्लीही माझ्या पर्समध्ये आहे. त्यांनी भाडं कमी केलं. म्हणाले, मी एकदा 'तुम्ही म्हणाल तसं' असं बोलून बसलोय, आता शब्द कसा फिरवू?

तुमच्या खोलीला कोणता रंग द्यायचा ते विचारणार होते. रुद्रेश म्हणाला, विचारू नको, रंग बघायला पाच जणं येतील. म्हणून पिवळा दिला.

लग्न झालं की पहिल्या सोमवारी दुकान बंद ठेवायचं आणि काकूंना घेऊन यायचं. तानाजी, स्वामी आणि बायनाबाईंना म्हणावं, तुमचंही स्वागत आहे, पण पुढच्या महिन्यात.

आणि येताना अंथरूण-पांघरूण आपलं आपण आणा. इथलं पाहुण्यांसाठी आहे.

कावेरी